फरशीखालची नाली

(रेडिओवरून झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

तंत्रनिकेतनात मी एकतीस वर्षं स्थापत्य शाखेच्या मुलांना शिकवलं. पाणीपुरवठा आणि सांडपाणी या विषयाच्या पहिल्या तासाला दरवर्षी मी मुलांना एक कोरा कागद काढायला सांगत असे. आपल्या घराचा नकाशा काढा, म्हणायचो. मुलं भराभर काढायची. ओसरी, देवघर, स्वयंपाकघर, गच्चीचा जिना. मग म्हणायचो, आता यात नळाचा पाइप दाखवा. तोही बहुतेकांना जमायचा. शेवटी सांगायचो, आता घरातलं सांडपाणी ज्या वाटेनं बाहेर जातं ती रेघ काढा. की वर्ग शांत! एखादा धीट मुलगा उभा राहून म्हणायचा, "सर, मोरीतून जातं." मोरीतून जातं हे मलाही ठाऊक होतं. मोरीच्या पुढे काय, हा माझा प्रश्न होता.

निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षी, आमच्याच अंगणात, एका मिस्त्रीनं मला तोच प्रश्न विचारला. आणि ती रेघ मलाही काढता आली नाही.

आमचं घर वाशीमचंच. आधी आम्ही जुन्या गावात राहायचो. तिथे टोपलीचा संडास होता. एक माणूस रोज सकाळी मागच्या दारानं येऊन मैला डोक्यावर वाहून नेई. लहानपणी त्याचं काही वाटलं नाही, आज सांगताना मान खाली जाते. वडिलांनी १९७८ साली गावाबाहेरच्या शेताच्या तुकड्यावर घर बांधलं, तेव्हा त्यांना सर्वांत जास्त अभिमान होता तो फ्लशच्या संडासाचा. आलेल्या पाहुण्याला ते साखळी ओढून दाखवीत. परसात एक आड खणला, पुढे मोरी आणि संडास बांधला, आणि त्यांच्यापासून रस्त्याकडच्या टाकीपर्यंत चिनी मातीचे तपकिरी, चकचकीत पाइप जमिनीत घातले. ते पाइप कुठून कसे गेले हे वडिलांना माहीत होतं आणि मिस्त्रीला माहीत होतं. आज दोघेही नाहीत.

पुढे नव्वदच्या सुमारास आम्ही मागची खोली वाढवली, अंगणात फरशी घातली. फरशी सुंदर बसली. तिच्याखाली दोन चेंबर झाकणांसकट गाडले गेले. घराघरांत हेच झालेलं आहे. झाकण दिसायला वाईट, म्हणून त्यावर फरशी. मग पंचवीस वर्षांनी फरशी ठोकून पाहत फिरायचं, कुठे पोकळ वाजते ते.

लाइन म्हातारी झाली की ती एकदम फुटत नाही. आधी सांगते, आपण ऐकत नाही. संडासात पाणी टाकलं की आमच्या न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येई. पाणी जायचं, पण थांबून थांबून. मागच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली होती. दर उन्हाळ्यात ती रुंद व्हायची, पावसाळ्यात मिटायची. आणि परसात, आडाच्या अलीकडे, अळूचं एक वाफं होतं. एप्रिल महिन्यातही ते हिरवंगार! सौ. त्या पानांच्या वड्या करायची, शेजारीपाजारी द्यायची. वाशीमच्या एप्रिलात, कुणी पाणी न घालता, अळू तरारतो तो कशावर, हा प्रश्न एकतीस वर्षं हाच विषय शिकवलेल्या माणसाला पडला नाही.

मग त्या वर्षी भाद्रपदात, आमच्याकडे शिकायला राहणाऱ्या नातीला कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? आम्ही म्हटलं, नळाचं. पण आपल्याकडे नळ रोज येतोच असं नाही. नळ नसला की आडाचं पाणी वापरायचं, भांडी त्याच पाण्यानं विसळायची, मुलं तर थेट बादलीतून ओंजळ लावतात. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

नात बरी झाली. तिची कावीळ आडामुळेच झाली असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात मुलगी दहा ठिकाणी पाणी प्यालेली असते. पण मी पाणी तपासायच्या दोन छोट्या बाटल्या आणल्या. यांत एक औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून बाटली घरातच उबेला ठेवायची. विष्ठेतले जंतू पाण्यात असले तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. गावोगावी पाणी तपासायला अशा बाटल्या वापरतात. नळाच्या पाण्याची बाटली जशीच्या तशी राहिली. आडाच्या पाण्याची दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी झाली होती. ती मी देवघराशेजारच्या फळीवर ठेवली होती. सौ.नं ती तिथून उचलून बाहेर नेली, बोलली काही नाही.

वर्गात मी मुलांना लंडनची गोष्ट सांगायचो, ती तेव्हा आठवली. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्यानं सहाशेवर माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घराघरांत हिंडून, बहुतेक रोगी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच हातपंपाचं पाणी पीत होते हे दाखवून दिलं, आणि पंपाचा दांडा काढायला लावला. इथपर्यंतची गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते. पुढची कमी लोकांना माहीत आहे. पंपाच्या विहिरीत घाण आली कुठून? तिथल्या हेन्री व्हाइटहेड नावाच्या पाद्र्यानं माग काढला. पंपासमोरच्या ४० नंबरच्या घरात एक तान्हं मूल आधीच आजारी पडलं होतं. आईनं दुपटी धुतलेलं पाणी घरापुढच्या मैलाकुंडात ओतलं होतं. १८५५ साली तिथे खोदून पाहिलं, तर कुंड विहिरीपासून तीन फूटही लांब नव्हतं, आणि घराच्या जुन्या नालीच्या विटा कुजून सुट्या झाल्या होत्या. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली ही सर्वांत गाजलेली साथ. तिच्या मुळाशी एका घराची न दुरुस्त केलेली नाली होती.

आमचा आड आमच्या नालीपासून चौदा फूट होता. मी मोजला.

आता आपल्या भागात या लाइनी लवकर का बिघडतात, ते सांगतो. गावाच्या जुन्या भाषेत दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. पिढ्यान् पिढ्या लोकांनी घरं पांढरीवर बांधली आणि काळीत कपाशी, ज्वारी घेतली. त्यात मोठं शहाणपण होतं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत गावं वाढली, शेतांचे लेआउट पडले, आणि आपण सगळे काळीवर राहायला आलो. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, कुठेही जा. नव्या वस्तीतली बरीच घरं कालच्या सोयाबीनच्या, तुरीच्या शेतात उभी आहेत.

काळी माती जिवंत असल्यासारखी हलते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्या आहेत. तीच माती तुमच्या पाइपाखाली आहे. दर पावसाळ्यात ती पाइप उचलते आणि दर उन्हाळ्यात खाली सोडते. चिनी मातीचे पाइप दोन-दोन फुटांचे असतात, म्हणजे चाळीस फुटांच्या लाइनीत वीस सांधे. प्रत्येक सांधा सिमेंटनं घट्ट भरलेला. सिमेंट वाकत नाही, ते तडकतं. पाइप शंभर वर्षं टिकेल, सांधा टिकत नाही.

एकदा सांधा तडकला की पाणी झिरपतं. झिरपलं की तेवढीच माती फुगते, बाजूची कोरडी राहते, पाइप आणखी वाकडा होतो. भिंतीजवळ असेल तर पायाखालची माती एका बाजूनं उचलते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. आपण त्या भेगेत दरवर्षी सिमेंट भरतो. दुखणं एकीकडे, मलम भलतीकडे. आडाचं म्हणाल, तर काळी माती ओली असताना पाणी अडवते खरी, पण उन्हाळ्यातल्या तिच्या भेगा म्हणजे खालच्या मुरुमापर्यंतच्या सरळ वाटा. मुरूम लागला की पाण्याला आडापर्यंत जायला फार वेळ लागत नाही.

तर मिस्त्री आले. वयानं माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, वऱ्हाडी माणूस. त्यांनी अंगणभर नजर फिरवली आणि म्हणाले, "सर, पाइप कुठून कुठं गेला तेवढं सांगा. मंग कुठं फोडाचं ते मी पाहतो."

मी गप्प.

"तुमी तं पोराईले नकाशे शिकवाचे न?"

सौ. दारात उभी होती. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

फरशी ठोकून आम्ही दोन्ही चेंबर शोधले, झाकणं उघडली. मग मी त्यांना म्हटलं, घरातून आरसा आणा. ही आमच्या विषयातली जुनी, बिनखर्चाची तपासणी आहे. भर उन्हात एका चेंबरशी आरसा धरायचा आणि कवडसा पाइपात सोडायचा. दुसऱ्या चेंबरमधून दुसऱ्यानं पाहायचं. पाइप सरळ आणि मोकळा असेल तर उजेडाचं पूर्ण गोल वर्तुळ दिसतं. मध्ये पाइप खचला असेल तर वर्तुळ कापलेलं दिसतं. वर्गात फळ्यावर हे चित्र मी कितीदा काढलं असेल! प्रत्यक्षात पोटावर झोपून चेंबरमध्ये डोकं घातलं, तेव्हा दिसली फक्त एक बारीक कोर. चतुर्थीच्या चंद्राएवढी.

मग पाण्याची तपासणी केली. खालच्या चेंबरकडचं पाइपाचं तोंड वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीनं बंद केलं, वरून लाइन भरली, चेंबरच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. एक तास कुणी पाणी वापरायचं नाही अशी घरात ताकीद दिली. तासाभरात पाणी रेघेच्या वीतभर खाली गेलं होतं. ही तपासणी कुणीही करू शकतं. तुमच्याकडे मोरी, संडास, स्वयंपाकघर अशा दोन-तीन शाखा असतील आणि कोणती कुठे मिळते ते कळत नसेल, तर एकेका ठिकाणी बादलीभर निळीचं पाणी ओता आणि चेंबरमध्ये पाहत उभे राहा. निळं पाणी कुठून येतं, किती वेळानं येतं, यावरून निम्मा नकाशा तयार होतो. ते आलंच नाही, तर तोही शोधच लागला.

खोदायला कुठे सुरुवात करायची हे मिस्त्रींनी क्षणात सांगितलं. "अळू हाय तिथं."

तीन फुटांवर पाइप लागला. एक सांधा बोटभर उघडा होता आणि त्यातून कडुनिंबाच्या मुळांचा जुडगा आत शिरला होता, घोड्याच्या शेपटीसारखा. झाडाला दोष देण्यात अर्थ नाही, मुळं पाण्याच्या वासावर जातात. पुढच्या दोन पाइपांखालची माती घुशींनी पोखरली होती, म्हणून ते बसले होते. आणि खचलेल्या भागात तळाला चार बोटं जाडीचा करडा थर होता, छिन्नीनं फोडावा लागला. तो पाहून मला आईची आठवण झाली. आमच्याकडे कित्येक वर्षं भांडी राखेनं घासली जायची. राख पाण्याबरोबर वाहून जाते असं आपल्याला वाटतं. ती उतार कमी असेल तिथे तळाशी बसते, तिच्यावर तेलकटपणा येतो आणि साबण येतो, आणि वर्षानुवर्षांनी त्याचा दगड होतो. आता राख गेली, पण सोयाबीनचं तळणीचं तेल, चहापत्ती, खरकटं, केस आहेतच. कढईतलं तेल कागदानं पुसून मग ती मोरीत टाकावी, एवढं केलं तरी लाइनीचं आयुष्य वाढतं.

इथे अ‍ॅसिडबद्दल सांगायला हवं. पाणी तुंबलं की आपण दुकानातून अ‍ॅसिडची बाटली आणतो. मीही आणत असे. अ‍ॅसिड चकचकीत पाइपाला काही करत नाही, ते सांध्यातलं सिमेंट खातं. म्हणजे तुंबलेलं तात्पुरतं मोकळं होतं आणि गळती कायमची होते. शिवाय अ‍ॅसिडवर कुणी ब्लिचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. तुंबलं तर चेंबर उघडून बांबूची लांब कामटी किंवा मिस्त्रींकडची स्प्रिंग घालावी. चेंबर असतात ते त्यासाठीच.

आम्ही जुनी लाइन दुरुस्त करत बसलो नाही. आडाजवळून जाणारी वाटच सोडली आणि दुसऱ्या भिंतीकडून नवी घातली. सगळ्यांना हे परवडेल असं नाही. एकच सांधा बिघडला असेल तर तेवढे दोन पाइप बदलूनही भागतं. पण मग जुना आणि नवा पाइप एकमेकांना जोडताना नेहमी एक चूक होते. नवा पीव्हीसी पाइप जुन्या खापरी पाइपात कोंबायचा, भोवती गोणपाट गुंडाळायचं आणि सिमेंट थापायचं. पीव्हीसीला सिमेंट धरत नाही, वर्षभरात तिथेच पुन्हा गळतं. रबराचा जोड मिळतो, तो घट्ट पट्ट्यांनी बसवावा. नाहीतर जुन्या-नव्याच्या जोडावर छोटा चेंबर बांधावा. घरात सिमेंटचे जुने करडे पाइप असतील, तर त्यांच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते कोरडे करवतीनं कापू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक आहे. पाणी मारून, शक्यतो अख्खे काढावेत.

नवी लाइन घालताना दोन गोष्टींवर मी मिस्त्रींशी भांडलो, एका गोष्टीवर ते माझ्याशी. माझी पहिली गोष्ट म्हणजे उतार. चार इंची पाइपाला चाळीसास एक, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. सहा इंचीला साठास एक, दहा फुटांत दोन इंच. मिस्त्री डोळ्यांनी उतार काढतात. डोळा चांगला असतो, पण सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळा असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी घेतली, मध्ये दोरी ताणली, की वाद मिटतो. दुसरी गोष्ट, पाइपाखालची काळी माती अर्धा फूट काढून तिथे वाळू किंवा बारीक मुरूम घालायचा, बाजूंनी आणि वरूनही तोच. मजूर खणलेली तीच माती ढेकळांसकट परत ढकलतात, त्यात दगडही असतात. काळ्या मातीत पाइपाला अशी गादी करून द्यावी लागते, म्हणजे माती हलली तरी पाइपाला धक्का कमी बसतो. सांधे रबर रिंगचे घेतले, ते थोडे सरकू शकतात. पाइप घेताना त्यावरचा शिक्का वाचा. एसडब्ल्यूआर पाइपांत 'ए' प्रकार पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो, मैल्यासाठी जाड भिंतीचा 'बी' लागतो. पैसे वाचवायला 'ए' घालणारे पुष्कळ आहेत.

मिस्त्री माझ्याशी भांडले ते चेंबरवरून. मला दोन पुरे वाटत होते. ते म्हणाले, "जिथं वळण तिथं चेंबर. उद्या कामटी वळत नाही, सर." त्यांचंच बरोबर होतं. चार झाले, चारही झाकणं उघडी, फरशीच्या पातळीत. खड्डा बुजवण्याआधी पुन्हा लाइन भरून, रेघ मारून तासभर थांबलो. मजुरांना तो तास फार जड गेला. पाणी हललं नाही. जुन्या लाइनीची दोन्ही तोंडं काँक्रीटनं बंद केली, नाहीतर ती घुशींची धर्मशाळा होते.

वरच्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. न्हाणीच्या जाळीखाली वाटीसारखा भाग असतो, त्यात दोन इंच पाणी कायम साचून राहतं. नालीतला वायू आणि झुरळं घरात येऊ नयेत म्हणून तो पाण्याचा पडदा असतो. देशभरच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीघराचा शब्द तिथवर गेला आहे, याचा मला उगीच आनंद होतो. मे महिन्यात घर बंद करून आपण गावी जातो आणि परत आल्यावर घरभर वास येतो, कारण ते पाणी सुकलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की वास जातो. जाताना त्या पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोडलं तर ते लवकर सुकत नाही. दुसरं, छतावर जाणारा हवेचा उभा पाइप. तो नसेल किंवा तुंबला असेल तर संडासातलं पाणी जाताना हा पडदाच ओढून नेतं. आमच्याकडची गुडगुड तीच होती. त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, डास टाकीतून तिथूनच बाहेर पडतात.

आणखी एक दुखणं आपल्या हातात नाही. रस्ता दर वेळी नवा होताना जुन्यावरच होतो आणि वीतभर उंच होतो. घर आहे तिथेच राहतं. काही वर्षांनी रस्त्याकडची नाली तुमच्या न्हाणीच्या पातळीला येते आणि मोठ्या पावसात पाणी उलटं घरात शिरतं. लाइनीच्या शेवटच्या चेंबरमध्ये एकाच बाजूला उघडणारी झडप बसवता येते, ती बरीच कामाला येते. पण तिच्यात चिंधी अडकली तर ती उघडीच राहते. पावसाळ्याआधी झाकण उघडून ती हातानं हलवून पाहावी लागते.

ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी, ती गाडीच्या पंपानं. तळाला थोडा गाळ राहू द्यावा, त्यातल्या जंतूंवरच टाकीचं काम चालतं. माणूस आत उतरवायचा नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास कळणंच बंद होतं आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. वर्तमानपत्रात अशा बातम्या आपण वाचतो तेव्हा मरणारे बहुधा दोन किंवा तीन असतात, ते यामुळे. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो घरमालकालाही लागू आहे. "तो स्वतःच उतरतो म्हणाला," हे उत्तर चालत नाही. आमच्या मिस्त्रींनी हे काम सोडून बरीच वर्षं झाली. का सोडलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

टाकीचं पाणी शोषखड्ड्यात सोडत असाल तर तो पिण्याच्या विहिरीपासून निदान अठरा मीटर, म्हणजे साठ फूट दूर हवा. आणि काळ्या मातीत शोषखड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो, नाहीतर तो शोषत नाही, नुसता भरतो. नळाचा पाइप आणि नाली एका चरात घालू नयेत. ओलांडावीच लागली तर नळ वर, नाली खाली. नळ बंद असताना पाइप रिकामा होतो आणि जोडातून बाहेरचं पाणी आत ओढतो. नळाला पहिलं पाणी गढूळ येतं, ते कधीकधी हेच असतं.

आमच्या आडाचं म्हणाल तर लाइन बदलल्यावर आम्ही तो उपसून घेतला आणि ब्लिचिंग पावडर टाकली. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम हे माप पुस्तकात आहे, आणि टाकल्यावर निदान तासभर थांबायचं. पण गळती चालू असताना नुसती पावडर टाकत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. गळती बंद झाल्यावर तीन महिन्यांनी मी पुन्हा बाटली लावली. काळी पडली, पण दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. पुढचा पावसाळा गेल्यावर लावली ती राखाडी झाली. मातीत मुरलेलं निघायला वेळ लागतो. आडाचं पाणी आम्ही सध्या झाडांना घालतो.

नवी लाइन उघडी असतानाच मी नकाशा काढला. प्रत्येक चेंबर घराच्या दोन कोपऱ्यांपासून किती फुटांवर, पाइप किती खोल, उतार कुठे किती, कोणत्या साली घातला. एक प्रत मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवली आहे, दुसरी घराच्या कागदपत्रांत. नातीनं तो वहीत उतरवून घेतला. तिनं त्यात अळूही दाखवला आहे, आधी होता त्या जागी. नवा लावला नाही. सौ. म्हणते, आडाच्या पाण्याची बाटली पांढरी राहील तेव्हा पाहू. पुढची बाटली दिवाळीनंतर लावायची आहे.